उखाण्यातली तिजोरी

संक्रांत जवळ आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, आमच्या लिफ्टची बटणं सांगतात. एरवी वर्षभर ती कोरडी ठणठणीत असतात, जानेवारी लागला की चिकट. घरोघरी गुळाचा पाक गॅसवर चढलेला असतो, तेवढ्यात खाली कुरियरवाला येतो, मग बाई तशाच हाताने लिफ्टमध्ये शिरते आणि साऱ्या बी विंगला न बोलता तिळगूळ वाटून मोकळी होते. चेअरमन नाडकर्णी दरवर्षी नोटीस लावतात, ‘कृपया हात धुऊन लिफ्ट वापरावी.’ दुसऱ्या दिवशी नोटीसही चिकट.

काल भाजी घेऊन येताना मी पाचचं बटण दाबलं आणि बोट तिथंच राहिलं. म्हटलं, आली गं बाई!

सीवूड्सला थंडी म्हणजे काय, तर पंखा चारावरून दोनावर. पुण्याची माझी बहीण या थंडीला हसते. हसू दे. सकाळी खाडीकडून जो गार वारा येतो ना, त्याला चिखलाचा आणि खारफुटीचा वास असतो, आणि तेवढ्या गारव्यावर हलव्याला छान काटा येतो. पाकाचा एकेक थेंब सोडत, मंद आचेवर बोटांनी तीळ फिरवत बसायचं. तासभर काही होत नाही. मग अचानक पांढरे शुभ्र काटे उभे राहतात. आमच्या घरात हे काम माझं नव्हतं, यांचं होतं. पावणे गावच्या कारखान्यात आयुष्यभर सुपरवायझरकी केलेला माणूस, नजर ठेवून बसायची सवय. मी तिथं पाच मिनिटं टिकत नसे. मला लगेच फोडणी द्यायला काहीतरी लागतं.

पण संक्रांत म्हटली की मला हलव्याच्याही आधी आठवते ती तीन वर्षांपूर्वीची संक्रांत, आमच्या महिला मंडळाची तिजोरी उघडेना ती. तिजोरी लोखंडी नव्हती. ती कुठं होती हे अजूनही मला नीट सांगता येणार नाही. किल्ली मात्र कुठं होती ते पक्कं ठाऊक आहे. ती बारा बायकांच्या तोंडात होती, आणि त्या बारांतली सातवी मी.

त्याआधीच्या संक्रांतीला मंडळाच्या डोक्यात आलं की यंदा काहीतरी चांगलं काम करू. आमची चांगली कामं कशी व्हायची, तर पापडाचा स्टॉल लावायचा. नाडकर्णीबाईंचे पापड मी घ्यायचे, माझी चटणी त्यांनी घ्यायची, संध्याकाळी जमलेली रक्कम बघून सगळ्यांनी हळहळायचं आणि चहा प्यायचा. दानधर्म कसला, अदलाबदल नुसती.

त्या बैठकीत शैला बोलली. शैला आमच्यात वयाने सगळ्यांत लहान, माहेर-सासर दोन्ही कोरेगावकडचं. नवऱ्याचा मार्केटला कांदा-बटाट्याचा गाळा. भाव चढणं, भाव पडणं, हे तिच्या अंगवळणीच पडलेलं. भाकरी थापता थापता ही बया फोनवर क्रिप्टो घेत होती आणि विकत होती, घरात कुणाला पत्ता नाही. नवरा म्हणायचा, बायको रेसिपी बघत असते.

“काकू, आपण दान कॉइनमध्ये घेऊ,” ती म्हणाली. “माझ्या फोनवर एक ग्रुप आहे. नाशिक, नागपूर, कुठली कुठली माणसं. चांगल्या कामाला देतात ती. आपण बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने करून पाठवू, ती कॉइन टाकतील.”

“पण म्हणजे काय असतं ते?”

“दिसत नाही, हातात येत नाही, पण असतंय.”

“पुण्यही तसंच असतं की गं,” मी म्हटलं.

नाडकर्णीबाईंनी चष्मा काढला. चेअरमनची बायको असल्यामुळे शंका आधी त्यांना येते. “खणखणत नाही ते नाणं कसलं? आणि खातं कुणाच्या नावावर?”

पैशाचा प्रश्न आमच्यात नाजूक. लोणावळ्याच्या सहलीत उरलेल्या वर्गणीवरून दोघी जणी अजून एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

“कुणाच्याच नाही,” शैला म्हणाली. “कॉइन ठेवायचं पाकीट माझ्या फोनवर राहील, पण त्याची खरी किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन हरवला, फुटला, तरी ते बारा शब्द ओळीने टाकले की दुसऱ्या फोनवर पाकीट उघडतंय. ज्याला शब्द माहीत, त्याचं पाकीट. म्हणून ते कुठं लिहून ठेवायचे नाहीत आणि एका बाईला सगळे कळू द्यायचे नाहीत. आपण बारा जणी आहोत. एकीला एक शब्द.”

विश्वासाचा इतका सोयीस्कर अभाव मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

आता बारा शब्द फोनवर एकदम दिसतात, मग बाकीचे झाकायचे कसे? नाडकर्णीबाईंनी कुठल्यातरी लग्नाची जाड पत्रिका आणली, तिला कात्रीने खिडकी पाडली, ती फोनवर ठेवली आणि फ्लॅटच्या नंबराप्रमाणे एकेकीला पुढं बोलावलं. आपल्या खिडकीतला शब्द बघायचा, ओठ न हलवता पाठ करायचा, पत्रिका पुढं सरकवायची. शैलाने सगळे पाहिले नाहीत कशावरून, असंही विचारून झालं. तिने पालीच्या खंडोबाची शपथ घेतली आणि आपली पाळी सोडून सगळा वेळ डोळ्यांवर ओढणी बांधून घेतली. दहाव्या नंबरच्या बाईला शब्दाचा अर्थ कळेना, पण विचारायची चोरी. ती नुसती घामाघूम झाली.

“लक्षात कसा राहायचा हो वर्षभर?” कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं.

तेव्हा मी जी कल्पना काढली तिचा मला आजही अभिमान आहे. मी म्हटलं, “उखाण्यात घाला. बाई गॅस बंद करायला विसरेल, आपला उखाणा विसरणार नाही. आपापला उखाणा करा, मनात म्हणा, कोणाला सांगू नका.”

कोणाला सांगू नका म्हणजे अर्थातच नवऱ्याला सोडून. मी घरी आले आणि यांना शब्द सांगितला. हे बाल्कनीत बसले होते, मांडीवर स्टीलची थाळी आणि हातात लाटणं. ही यांची निवृत्तीनंतरची नोकरी. आमच्या बाल्कनीवर कबुतरांनी हक्क सांगितला होता आणि हे रोज सकाळी सहाला थाळी बडवून त्यांना उडवायचे. कबुतरं समोरच्या विंगवर जाऊन बसायची, यांचा हात दुखला की परत यायची. शब्द ऐकल्यावर हे इतके हसले की लाटणं खाली पडलं. मग आम्ही दोघांनी चहा घेत तो उखाणा जुळवला. पहिली ओळ माझी, दुसरी यांची. दुसरी जास्त चांगली होती, पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर यांनी सोसायटीच्या गॅदरिंगला कविता वाचल्या असत्या.

दागिने मात्र झकास झाले. अख्खी बी विंग काटा आणत बसली होती. हार, बाजूबंद, मुकुट, बाळाच्या हातातली बासरी. खोके कुरियरने गेले आणि शैलाच्या फोनवर कॉइनचे तुकडे पडू लागले. तुकडेच, अख्खं कॉइन कोण देणार? पण थेंबाथेंबाने वाढायची सवय आम्हाला हलव्याने लावलीच होती. लिफ्टमध्ये भेटलं की नाडकर्णीबाई हळूच विचारायच्या, “काय म्हणतंय?” शैला म्हणायची, “जरा उतरलंय, धीर धरा.” की नाडकर्णीबाईंना दिवसभर जेवण गोड लागायचं नाही. चढलं की सोसायटीच्या सभेत कोणाशी भांडायच्या नाहीत. चेअरमनसाहेब फार बारकाईने बाजार बघायला लागले ते तेव्हापासून.

द्यायचं कोणाला, यावर वर्षभर वाद झाला. गरजू म्हणजे नेमका कोण, हे बारा बायकांना एकमताने ठरवता आलं तर बघा.

त्या श्रावणात हे गेले.

सकाळी थाळी वाजवली, चहा मागितला, मी चहा घेऊन आले. बस्स. याच्यापुढे मला लिहायचं नाही, आणि लिहायला काही नाहीसुद्धा.

नंतरचं सांगते. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत. हे, अहो, इकडून, अमकीचे बाबा. नाव तोंडातून निघायची वाट एकच, उखाणा. चार बायका जमणार, कोणीतरी ‘नाव घ्या’ म्हणणार, मग आपण लाजल्यासारखं करणार आणि झोकात नाव घेणार. ती वाट एका सकाळीत बंद झाली. बँकेत, पेन्शनच्या ऑफिसात नाव विचारलं तेव्हा मी कागदावर लिहून दिलं. तोंडाने म्हणायला लावणारं कोणी उरलंच नाही. आणि दुसरी माणसंही माझ्यासमोर यांचं नाव घेईनात, जसं काही नाव घेतलं तर मी फुटेन. मी कपबशी आहे का?

मंडळाचा ग्रुप हळूहळू शांत होत गेला. मला वाटलं, बायका सुधारल्या. मग दिवाळीनंतर कळलं की त्यांनी दुसरा ग्रुप काढलाय. हळदीकुंकवाचं, मार्गशीर्षाचं सगळं तिकडे चालतं. त्यात अकरा जणी होत्या. मला वाईट वाटू नये म्हणून हो! फार वाईट वाटलं. आणि रागही आला, भयंकर. कबुतरं परत येऊन बसली होती, मी थाळीला हात लावला नाही. म्हटलं, बसा बाबांनो, तुम्ही तरी बसा.

त्याच सुमारास कांताबाईच्या नवऱ्याचा पाय गेला. कांताबाई म्हणजे आमच्या विंगमधल्या निम्म्या घरांत पोळ्या करणारी बाई, पाटणकडची. नवरा मारुती मार्केटला हमाल. ट्रकमधली पोत्यांची थप्पी कोसळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. गरजू कोण, हा वाद त्या दिवशी एका मिनिटात मिटला. चांगला कृत्रिम पाय करून देणारं एक केंद्र सापडलं. त्यांनी माप घेतलं, आणि सांगितलं की रथसप्तमीपर्यंत पैसे भरा, म्हणजे याच खेपेला पाय मिळेल, नाहीतर पुढची खेप पावसाळ्यानंतर. पावसाळ्यानंतर काय करायचं होतं? मुकादमाने मारुतीला शब्द दिला होता की आंब्याच्या सीझनला दोन पायांवर उभा राहून दाखव, पेट्या उतरवून घेण्यावर देखरेखीचं काम तुझं. हापूस कोणासाठी थांबतो का? तो आला की आला.

संक्रांत झाली, पैसे काढायची वेळ आली, आणि शैला फ्लेमिंगो बघायला गेली.

दरवर्षी थंडीत आमच्या पाठीमागच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. हजारो गुलाबी पाय चिखलात उभे असतात, आणि काठावर तितकीच माणसं फोन उंच करून. शैला तिच्या कोरेगावच्या आईला व्हिडिओ कॉलवर पक्षी दाखवत होती. आई म्हणाली, “जवळनं दाव की!” शैला पुढं वाकली. फोन सुळकन गेला तो थेट चिखलात. आईला दोन सेकंद खाडीचा तळ दिसला म्हणे. एक होडीवाला दादा बिचारा कमरेएवढ्या चिखलात उतरला, बराच वेळ चाचपडला आणि एक जुनी चप्पल घेऊन वर आला.

हे सगळं मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच कळत होतं की माझ्या दारावर अचानक वर्दळ वाढलीय. महिनोन् महिने न फिरकलेल्या बायका एकेक करून येऊ लागल्या. पहिलीने कांदाभजी आणली. बसली, हवेबद्दल बोलली, “काही नाही, सहज,” म्हणाली आणि गेली. दुसरीने घारगे. तिसरीने उंधियो, तोही तेलात पोहत असलेला. प्रत्येक बाई माझ्याकडे अशी बघायची जणू मी परीक्षेचा निकाल आहे. नाडकर्णीबाई तर अर्धा तास बसून निघाल्या, दारात थबकल्या, म्हणाल्या, “उषाताई, तुमच्या ते... लक्षात... नाही, काही नाही. झाडांना पाणी घालता ना?” माझ्याकडे एक तुळस आहे.

मला वाटलं, मला काहीतरी मोठा आजार झालाय आणि डॉक्टरांनी तो फक्त सोसायटीला सांगितलाय.

दुसऱ्या दिवशी कांताबाई पोळ्या लाटत होती. लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, “ताई, एक इचारू? तुमच्याजवळ कसला शबुद हाय म्हनं. समद्या बायका त्येच्यापायी अडल्यात. तुमाला इचारायचं धाडस हुईना त्यास्नी.”

मग तिने फोन, चिखल, चप्पल, सगळं सांगितलं. पोळी तव्यावर करपली. मी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि जिन्याने खाली शैलाकडे गेले. लिफ्टची वाट बघण्याइतका माझा राग थंड नव्हता.

शैलाने दार उघडलं. आत साऱ्याच्या साऱ्या बसल्या होत्या, मधे तिळाच्या वड्यांचं ताट आणि शैलाचा नवा फोन. मला बघून कोणीतरी वडी गिळली, तिला ठसका लागला.

“काय चाललंय?”

शैला खाली मान घालून म्हणाली, “काकू, हे शब्द एका ठरलेल्या यादीतले असतात. आमचे अकरा आमी टाकलेत, एकेकीनं आपला, दुसरीला न दाखवता. तुमचा नाही, म्हणून यादीतला एकेक लावून बघतोय. ए पासून.”

“यादी किती शब्दांची?”

“दोन हजारांच्या वर.”

“आणि कुठवर आलात?”

“बनाना,” नाडकर्णीबाई पुटपुटल्या.

“दोन दिवसांत?”

“मधे मधे चहा होतो ना.”

मला हसू आलं असतं, पण मी ते दाबलं. “रथसप्तमी उलटून जाईल, होळी येईल, तिकडे मारुती कुबड्या घेऊन बसलेला राहील. मला विचारायला काय झालं होतं? मी काय अमेरिकेत राहते? दोन मजले वर राहते!”

“कसं विचारणार हो?” नाडकर्णीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमचा शब्द उखाण्यात. उखाणा म्हटला की त्यात नाव. तुम्हाला त्रास होईल असं वाटलं.”

“त्रास मला भज्यांनी झाला! कालपासून घशाशी येतंय.” मग मात्र माझा आवाज चढला, चढू दिला मी. “नाव घेतल्याने मला त्रास होत नाही. कोणी नाव घ्यायला सांगत नाही, त्याने होतो. इतके महिने झाले, एकीने तरी सांगितलं? नवा ग्रुप काढलात. मला काय कळत नाही? मी टेलिफोन खात्यात नोकरी केलीय, कोणाचं कोणाशी काय चालू असतं ते मला तिथंच कळायला लागलं.”

कोणीतरी वड्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

“शब्द देते,” मी म्हटलं. “मारुतीचा पाय अडवून धरण्याइतकी मी दुष्ट नाही. पण शब्द सुटा मिळणार नाही. हळदीकुंकवाला बोलवा, नाव घ्यायला सांगा, मग देते. कधी आहे तुमचं?”

“परवा,” कोणीतरी म्हणालं.

“परवा कशाला?” शैला ताडकन उठली. देवघरातून करंडा आणला. कोणाला विचारलं नाही, कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मला हळद लावली, कुंकू लावलं, हातावर वडी ठेवली. “तिळगूळ घ्या काकू. गोड बोला नायतर भांडा, पण या.”

मी खाली बसले. आणि मग, शब्द ओळीने टाकायचे म्हणून, फ्लॅटच्या नंबराप्रमाणे पहिल्यापासून उखाणे सुरू झाले. वर्षभर गुप्त ठेवलेले ते उखाणे त्या दिवशी पहिल्यांदा हवेत आले. पहिल्या नाडकर्णीबाई. आम्ही कान टवकारले. बाईंनी पदर सावरला, आणि चेअरमनच्या बायकोच्या तोंडून आलं,

“टीव्हीवर लागला डिव्होर्स, कुकरला झाली शिट्टी,
सुधाकररावांशी माझी अर्ध्या तासाची कट्टी.”

“अगं बाई! शब्द डिव्होर्स?”

“मी काय करणार? खिडकीत तोच आला. ह्यांना सांगितला तर आठवडाभर मला विचारून चहा घेत होते.”

मधल्या कोणाच्या वाट्याला कांगारू आला होता, कोणाच्या वाट्याला शिडी. चौथी शैला. तिने एका दमात उरकलं,

“झूमध्ये बघून गोरिला पोरं म्हणाली, पप्पा!
संपतरावांचं नाव घेते, बंद करा गप्पा.”

हसून हसून एकीच्या पोटात कळ आली. लोणावळ्याच्या त्या दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या, आणि आपण बोलत नाही हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. सहावीचं झालं. मग सातवा नंबर, माझा.

खालच्या रस्त्यावर रिक्षा मागे घेतल्याचा आवाज आला. कोणी ‘घ्या’ म्हणेना. मी मुळीच मदत करणार नव्हते. शेवटी नाडकर्णीबाईंनीच नाक पुसलं आणि म्हणाल्या, “उषाताई, नाव घ्या.”

“नाव घ्या, नाव घ्या!” मग सगळ्याच ओरडल्या, नव्या नवरीला ओरडतात तशा. “काकू, लाजू नका! मोठ्याने!”

आणि गंमत बघा, मला खरंच लाज वाटली. त्रेसष्टाव्या वर्षी गाल गरम झाले. मी मान खाली घातली, घसा खाकरला आणि म्हटलं,

“सकाळी थाळी बडवून हे उडवतात पिजन,
श्रीधररावांच्या तालावर चालतं माझं भजन.”

उडवतात, असंच म्हटलं मी. कोणी दुरुस्त केलं नाही.

श्रीधरराव. आपल्याच तोंडातून ते नाव ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! रडले, अर्थात रडले. पण ते रडणं कितीतरी महिने साचून राहिलेलं होतं, ते मोकळं झालं. शैला डोळे पुसत पिजन टाइप करत होती. पुढच्या पाच जणींनी आपापले उखाणे घाईघाईने म्हटले, आणि फोनवर काहीतरी गोल गोल फिरायला लागलं. मग शैला अशी किंचाळली की समोरच्या घरातून माणूस धावत आला. उघडलं होतं. सगळं तिथंच होतं, आणि मधल्या दिवसांत चढलंही होतं.

गलका ओसरल्यावर नाडकर्णीबाई विचारात पडल्या. “उषाताई, सकाळी सहाला तो जो ठणठणाट व्हायचा, ती तुमची थाळी?”

“हो.”

“अहो, आम्ही तीन लेखी तक्रारी केल्या होत्या सोसायटीत! ह्यांना वाटायचं वरती बांधकाम चालू आहे.” आणि थोडं थांबून म्हणाल्या, “श्रीधररावांशी बोलायला हवं होतं कधीतरी. फार शांत माणूस वाटायचे.” त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर दुसऱ्या कोणी यांचं नाव घेतलं. मी त्यांच्या सगळ्या तक्रारी माफ केल्या.

सरकारचं काय कापून घ्यायचं ते कापून पैसे रथसप्तमीच्या आत भरले गेले. आंबा आला तेव्हा मारुती मार्केटात दोन पायांवर उभा होता. मुकादमाने म्हणे त्याला चारदा चालून दाखवायला लावलं, पाचव्यांदा मारुती त्याच्यावरच खेकसला, तेव्हा काम पक्कं झालं. मग एका संध्याकाळी तो हापूसची पेटी घेऊन माझ्या दारात आला. पाच मजले जिन्याने. मी ओरडलेच, “अरे, लिफ्ट काय झाली?” तर ऐटीत म्हणतो, “लिफ्टनं समदेच येत्यात, ताई.” त्या पेटीतले आंबे मी बारा घरांत वाटले, आणि प्रत्येक घरात सांगितलं की मारुतीने पाय बघायला बोलावलंय. त्याने बोलावलं नव्हतं. पण बायका गेल्या.

ते पाकीट आम्ही रिकामं करून बंद केलं. सगळ्यांनी सगळ्यांचे शब्द ऐकले होते, त्यात आता कसली गुप्तता? म्हणून तर एवढं खुलं लिहितेय. मग नवं पाकीट काढलं, पुन्हा पत्रिकेला खिडकी पाडली, पुन्हा फ्लॅटच्या नंबराप्रमाणे रांग लावली. दर संक्रांतीला हलव्याचे खोके जातात. गरजू कोण, यावर यंदाही वाद चालू आहे. तो दुसरा ग्रुप त्या दिवशीच उडवला. आता ग्रुप एकच आहे, आणि त्यावर शुभ सकाळची इतकी फुलं येतात की मला कधीकधी त्या शांततेची आठवण येते.

आज सकाळी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. शैला स्वतः आली, हात गुळाने बरबटलेले. “काकू, संक्रांतीच्या दिवशी पाचला. आणि उखाणा तयार ठेवा.” मी म्हटलं, तयार आहे. ती गेल्यावर बाल्कनीत आले. कठड्यावर मंडळी जमली होती, मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. मी थाळी घेतली, लाटणं घेतलं आणि असं बडवलं की समोरच्या विंगमधली दोन दारं उघडली. लेखी तक्रार येईल. येऊ दे.

नव्या पाकिटातला माझा शब्द कोणता ते सांगणार नाही, गुप्त आहे. नवा उखाणाही म्हणून दाखवणार नाही. या वेळी दोन्ही ओळी मला एकटीला जुळवाव्या लागल्या, आणि खरं सांगायचं तर दुसरी ओळ अजून यांच्यासारखी जमलेली नाही. शब्द विचारू नका. पण नाव घ्यायला सांगा. लिफ्टमध्ये भेटलात, भाजीवाल्यापाशी भेटलात, कुठंही, केव्हाही सांगा. घेते.